रेघ नसलेले आभाळ

गुरुवार, ११ फेब्रुवारी २०१६. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे झाली होती आणि दालनाच्या भिंतींवर लावायच्या शहाऐंशी चित्रांपैकी पंच्याऐंशी लागून झाली होती. मुख्य भिंतीच्या मध्यावरची एकच जागा मोकळी होती आणि तिच्यासमोरच्या टेबलावर कागद मात्र दोन होते. दोन्ही एकाच मापाचे. दोन्हींवर तेच चित्र: उंच इमारतीची गच्ची, तिच्यावरची पाण्याची टाकी, टाकीला टेकवलेली लोखंडी शिडी आणि त्यांच्या वर, कागदाचा दोन-तृतीयांश भाग व्यापून, नुसते आभाळ. दोन्हींच्या खालच्या समासात शिसपेन्सिलीने उजवीकडे चित्रकर्तीची सही आणि डावीकडे आकडा: बारा, तिरपी रेघ, वीस. म्हणजे वीस प्रतींच्या संचातली बारावी. अशी प्रत जगात एकच असायला हवी होती.

"डावी संग्रहालयातून आलीय, ती सगळ्यांना माहीत आहे," संग्रहपाल म्हणाली. चाळिशीतली, मोजकेच बोलणारी बाई. बोलताना हातातले पांढरे मोजे काढत होती. "उजवी आज सकाळी आली. तुमच्या यंत्रशाळेतल्या सरांच्या मुलीनं पाठवली. सर गेल्यावर कपाट आवरताना सापडली म्हणे. बाई, यातली तुमची कुठली?"

ताईने चष्मा डोळ्यांवर नीट बसवला. घरात ती ताई, विद्यार्थ्यांत बाई, छापील लेखांत ज्येष्ठ मुद्राचित्रकार. अडुसष्टाव्या वर्षी या तिन्ही नावांना ती सारख्याच सहजतेने ओ देत असे. उत्तराला तिला क्षणही लागला नाही. "उजवी माझी नाही."

"इतक्या पटकन?"

"स्वतःचं पोर ओळखायला भिंग लागत नाही."

शिडीवर उभा असलेला चौकटवाला तोंडातला खिळा काढून म्हणाला, "मला तर जुळी वाटतात, बाई. एकाला ताप आलाय, एवढंच."

"ताप नाही रे, ते मेलंय." ताईने चष्मा उतरवून त्याच्या काडीने उजव्या कागदावरचे आभाळ दाखवले, कागदाला न टेकवता. "हे बघ. टाकी ठीक, शिडी ठीक, रेघा माझ्याच आहेत. वीस झाल्यावर पत्र्यावर घाव घालून तो रद्द करतात, त्याच्या आधी कुणीतरी गुपचूप एक प्रत काढून घेतलेली दिसते. पण आभाळ बघ. नुसती काजळी. छापणाऱ्याला पुसताच येत नव्हतं. दगडी हाताचा माणूस."

असे म्हणून झाल्यावर तिला बरे वाटले, कारण जे सांगितले ते बिनचूक होते. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने आणि कोरणीने खोदलेल्या रेघांत शाई भरायची असते; त्यासाठी आधी सगळा पत्रा शाईने माखायचा आणि मग पृष्ठभाग पुसत जायचे: आधी जाळीच्या कापडाच्या बोळ्याने, शेवटी खडूची पूड लावलेल्या उघड्या तळहाताने. रेघांत शाई राहते, वरची निघून जाते. पण सगळी काढायची नसते. कुठे किती राहू द्यायची हे तळहात ठरवतो. गच्चीच्या या चित्रात आभाळाच्या जागी पत्र्यावर रेघ नव्हती, ठिपका नव्हता, ओरखडासुद्धा नव्हता. गुळगुळीत कोरे तांबे होते. ते जे राखाडी, संध्याकाळ कुठल्या क्षणी संपते हे न सांगणारे आभाळ कागदावर उतरत होते, ते फक्त पुसण्यातून. पस्तीस वर्षांपूर्वी याच आभाळाने तिचे नाव झाले होते. पहिले पारितोषिक देताना परीक्षकांनी टाकीबद्दल अवाक्षर काढले नव्हते. पुढे जिथे जिथे तिच्यावर लिहून आले तिथे तिथे 'त्यांची राखाडी' हा शब्द आला. तिच्या रंगचित्रांना लोकांनी नेहमीच मापून-मोजून चांगले म्हटले; ती एकोणीस रंगचित्रे आज मागच्या भिंतीवर, आत शिरल्यावर शेवटी दिसतील अशी लावली होती. ही मांडणी तिनेच सुचवली होती. स्वतःबद्दल तिचा गैरसमज नव्हता. आपली ताकद काळ्या शाईत आहे हे तिला कळत होते.

आणि पुसणे धाकटीचे, हेही कुणापासून लपवलेले नव्हते. पाठची बहीण, पाच वर्षांनी लहान. वडिलांच्या घरातल्या मागच्या खोलीत, सरांनी एका मोडीत निघालेल्या यंत्राचे रूळ वापरून बनवून दिलेल्या प्रेसवर दोघींनी सुरुवात केली तेव्हापासून ताईने खोदायचे आणि धाकटीने पुसायचे, छापायचे, हे न ठरवता ठरले होते. धाकटी पदर कमरेला खोचून, कोपरापर्यंत काळी होऊन, तोंडाने बाजारातल्या भावांपासून शेजारणीच्या सुनेपर्यंत वाट्टेल ते बोलत पुसत असे. ताईला तिच्या बडबडीचा वैताग येई. "पुसायला काय लागतं," ती एकदा पाहुण्यांसमोर हसत म्हणाली होती, "भांडी पुसतोच की आपण." धाकटीही हसली होती. एका मुलाखतीत "छपाई ही हमाली आहे, चित्र पत्र्यावरच संपतं" असे छापून आले, ते वाचून धाकटीने वर्तमानपत्राची घडी घालून ती ओल्या कागदांखाली टिपकागद म्हणून वापरली. त्यात राग होता की सवय, हे ताईने तपासले नव्हते. तपासण्यासारखे काही आहे असे वाटलेच नव्हते.

"मग उजवी परत पाठवते," संग्रहपाल म्हणाली. "पण नक्कल म्हणून परत करायची, तर मागून-पुढून नीट बघून सांगायला हवं. सरांच्या घरातून आलीय, मुलगी दुखावेल. चौकटवाला चारला जाणार आहे, तोवर वेळ आहे." तिने मोजे पुन्हा चढवले, उजवा कागद दोन्ही हातांनी उचलला आणि पालथा ठेवला.

मागच्या कोऱ्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, अंगठ्याचा ठसा होता. शाईने माखलेल्या हाताने ओला कागद उचलला की उठतो तसा, नवशिक्यांचा दोष. धाकटीच्या कागदाला आयुष्यात कधी बोट लागले नव्हते. ती पुठ्ठ्याच्या चिमट्यात धरून कागद उचलत असे. ठसा फिकट होता, पण वळणे स्पष्ट होती आणि वळणांना तिरपी छेदून जाणारी एक पांढरी फट होती, वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे. ताईने तो पाहिला आणि तिच्या मनात प्रथम आले ते फक्त हे, की छापणाऱ्याचा अंगठा कापलेला होता. मग तिने आपला उजवा हात टेबलावर, कागदाशेजारी, तळवा वर करून ठेवला. हे तिने का केले हे तिला सांगता आले नसते. चोविसाव्या वर्षी काच फुटून अंगठ्यावर झालेली जखम शिवली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की व्रण आयुष्यभर राहील. व्रण राहिला होता. ठशात तो उलटा उमटला होता, एवढाच फरक. आणि छापताना उजव्याचे डावे होते हे तिने पुढे तीस वर्षे शिकवले होते.

दालनात कुठेतरी पंखा चालू होता. संग्रहपाल काही विचारत होती आणि ताईला तिचे ओठ दिसत होते. आपण खाली बसलो आहोत, चौकटवाल्याने खुर्ची सरकवली आहे, खुर्चीचे पाय फरशीवर खरवडले आहेत, हे सगळे तिला उशिरा, एकामागून एक पोचत होते. ती कागदाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती आणि त्याऐवजी तिला एक खोली दिसत होती: ते वर्ष, मागची खोली, धाकटी सासूच्या आजारपणामुळे दोन महिने सासरी गेलेली. प्रदर्शन तोंडावर. "थांबते कशाला कुणासाठी," म्हणून ताईने स्वतः पदर खोचला होता. वीस प्रती तिने स्वतः छापल्या होत्या, एकटीने, सहा दिवसांत. हातात इतके बळ आहे हे तिला माहीत नव्हते. रात्री झोपताना बोटे आकसून जात, आणि त्या दुखण्यात एक मिजास होती. शेवटच्या दिवशी कागद पुरते वाळलेही नव्हते, तरी तिने सह्या केल्या, कारण दुसऱ्या दिवशी महिनाभराच्या शिबिराला परगावी निघायचे होते. आभाळ जरा अंगावर येणारे, मिटल्यासारखे वाटले होते, ते आता आठवते. तेव्हा तिने स्वतःला सांगितले: ओले आहे. स्टेशनवर जाताना वाटेत सरांकडे थांबून, हाताला लागली ती एक प्रत, आकडा न बघता, त्यांना दिली; मघाशी सरांचे नाव ऐकूनही हे आठवले नव्हते. सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली, बराच वेळ पाहिली आणि "जपून जा" म्हणाले. पुढे किती वेळा त्यांच्या घरी जाणे झाले, पण ते चित्र भिंतीवर दिसले नाही. तिला ते लागले होते. एकदा तिने बोलून दाखवले तेव्हा सर कानावर हात ठेवून, ऐकू येत नसल्यासारखे, म्हणाले होते, "चहा घेशील ना?"

शिबिराहून ती परस्पर प्रदर्शनात पोचली तेव्हा चौकटीतले आभाळ उघडलेले होते. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि रडली. चित्रासमोर ती आयुष्यात तेवढी एकदाच रडली. वाळल्यावर हे असे झाले, हे तिला त्या क्षणी उमजले. आणि तिथून एक सिद्धान्तच उभा राहिला. तीस वर्षे ती वर्गात सांगत आली: ओल्या प्रतीवर विश्वास ठेवू नका, राखाडी वाळताना उघडते, धीर धरा. मुले वह्यांत उतरवून घेत. कित्येकांनी शंका काढली होती, की बाई, आमची तर वाळल्यावर होती तशीच राहते. त्यांना ती म्हणायची, "तुमचा धीर कमी पडतो." कितीजण आज कुठे कुठे आपापल्या प्रेसपाशी बसून, मेलेले कागद दोऱ्यांवर टांगून, आभाळ उघडण्याची वाट बघत असतील, या विचाराने तिच्या घशातून एक आवाज निघाला. चौकटवाल्याला तो हसण्याचा वाटला आणि त्यानेही चेहरा हसरा केला.

धाकटी बारा वाजता आली. गुडघे दुखतात म्हणून काठी घेऊन, दुसऱ्या हातात ताईच्या रक्तदाबाच्या गोळ्या. "सकाळची गोळी उशाशीच," ती दारातूनच म्हणाली. "आज सत्कार आहे ना तुझा, की घेरी येऊन पडायचा बेत आहे? भाषणापेक्षा ते लक्षात राहील लोकांच्या, ते खरं." मग तिला टेबल दिसले. ती जवळ आली, डावा कागद पाहिला, उजवा पाहिला, आणि तिची बडबड थांबली. ताईने धाकटीला इतकी वर्षे ऐकले होते. ती गप्प झालेली तिने प्रथमच ऐकली.

"ही कुठून आली?" शेवटी धाकटी म्हणाली.

"सरांकडून. मीच दिली होती, जाताना."

"तरी म्हटलं, मोजायला एकोणीस कशा. मला वाटलं एक तूच फाडलीस." धाकटीने खुर्चीची पाठ धरली. "बारावीच नव्हती. ती पण काढली मी."

"काढली म्हणजे?"

"ताई, तुला कळलंय. उगीच मला बोलायला लावू नकोस."

"बोल."

धाकटीने संग्रहपालाकडे पाहिले. संग्रहपाल मागे सरकली, पण गेली नाही; जाणे तिच्या कामात बसत नव्हते. "तू गेलीस त्याच दिवशी मी आले," धाकटी म्हणाली. "किल्ली शेजारी होती. कागद उलगडले आणि मला कसंतरीच झालं. तुझं खोदकाम इतकं सुंदर, ती शिडी, तो नळ, आणि वर नुसतं डांबर फासलेलं. त्या डांबरात सगळं बुडालं होतं. म्हटलं, हे लोकांसमोर गेलं तर हिचं संपलं. पत्रा अजून रद्द केला नव्हता. पुन्हा काढल्या वीस, आणि मग दोन तिरपे घाव घालून टाकले त्याच्यावर, नेहमीसारखे."

"सह्या?"

"प्रगतिपुस्तकावर बाबांची सही कोण करायचं? तुझ्यापण पुस्तकावर मीच करायचे. तुझी सही तर काय, नुसता मोर नाचल्यासारखी."

"आणि माझ्या प्रती? त्या एकोणीस?"

धाकटी इतका वेळ सरळ बघत होती, ती आता फरशीकडे बघू लागली. "कागद चांगला जाड होता. टाकवेना. पोरानं मागच्या बाजूला दोन वर्षं पाढे लिहिले."

चौकटवाल्याने शिडीवरून तोंड भिंतीकडे वळवले. ताईला धाकटीचा तो मुलगा आठवला, आता तो कुठे परदेशात मोठ्या हुद्द्यावर होता. फरशीवर पालथा पडून, जीभ बाहेर काढून तेरा चोक बावन्न लिहिणारा, आणि त्या पाढ्यांच्या पलीकडच्या बाजूला तिचे सहा दिवस. ती कितीदा त्याच्या अंगावरून ओलांडून गेली असेल. "हात दुखेपर्यंत लिही," असेही म्हणाली असेल.

"सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगणार? तू त्या चित्रापुढं उभी राहून रडत होतीस. मी पण रडले तुला बघून. मग पारितोषिक. मग ते वाळण्याचं तुझं सुरू झालं. वर्गात शिकवायला लागलीस." धाकटीचा आवाज किंचित वाकडा झाला. "आणि खरं सांगू, थोडी मजा पण वाटायची. हमाली हमाली म्हणायचीस ना. म्हणू दे, म्हटलं."

हेच होते तर. रागापेक्षा, दयेपेक्षा, त्या 'मजे'ने ताई हादरली. पस्तीस वर्षे शेजारी बसून, एका ताटात जेवून, एकीच्या आजारपणात दुसरीने जागून, ही बहीण आतल्या आत कुठेतरी हसत होती. आणि त्याहून भयंकर म्हणजे तिला हसायचा हक्क होता. ताईने भिंतींवरून नजर फिरवली. सहासष्ट मुद्राचित्रे. प्रत्येकातली रेघ आपली आहे हे तिला ठाऊक होते, आणि प्रत्येकात लोक थांबत ते रेघांच्या मधल्या जागेपाशी. पाणी, धूर, भिंतीवरची ओल, खिडकीच्या मागची खोली. तिथे तिथे तिने पत्रा कोरा ठेवला होता. मोकळी जागा सोडण्याचे धैर्य असे त्याला एकाने म्हटले होते, आणि तिने ते मान झुकवून घेतले होते. आता ती सगळी कोरी जागा एकदम बोलू लागली, बाजारभाव, शेजारणीची सून, सासूचे दुखणे. सगळ्या भिंतींवर धाकटीची बडबड होती. तिला मागच्या भिंतीकडे बघायचे धाडस झाले नाही, जिथे एकोणीस रंगचित्रे सर्वस्वी तिची, आणि म्हणूनच शेवटी लावलेली.

"बाई," संग्रहपाल हळू पण स्पष्ट म्हणाली, "मी ऐकलं ते ऐकलंच. पण प्रश्न तोच राहतो. डाव्या प्रतीवरची सही तुमची नाही. तुम्ही तसं म्हणालात तर मी ती लावू शकत नाही, आणि बाकीच्या एकोणीस प्रती ज्यांच्याकडे आहेत त्यांनाही कळवावं लागेल. आणि तुम्ही काहीच म्हणाला नाहीत, तर सकाळी म्हणालात ते आहेच. उजवी नक्कल."

म्हणजे तोंड मिटून बसणे पुरेसे होते. चार वाजता चौकटवाला डावी टांगेल, सहाला दिवे लागतील, आणि जगातला एकमेव कागद, जो खोदण्यापासून पुसण्यापर्यंत तिचा होता, तो तिच्याच शब्दावर नक्कल म्हणून बांधून परत जाईल. ही शिक्षा होईल की सुटका, हे तिला उमगेना. तिने उजवा कागद पुन्हा सुलटा केला. आता तो दुसऱ्याचा म्हणून बघता येत नव्हता. आभाळ अजून मेलेलेच होते; आपले आहे हे कळल्याने त्यात एक कणही फरक पडला नव्हता. मात्र काजळीत, नीट पाहिले तर, तळहाताचे फटकारे दिसत होते, घाईचे, एकमेकांना छेदणारे, कशाचीच वाट न बघणारे. तेहतीस वर्षांची एक बाई तिथे मान मोडून राबत होती आणि आपल्याला येते आहे अशी तिची खात्री होती. ताईला तिची लाज वाटली. मग त्या लाजेची लाज वाटली.

"ही लावा," ती म्हणाली.

"उजवी?" चौकटवाल्याने विचारले.

"उजवी."

"ताई, डोकं फिरलंय तुझं," धाकटी म्हणाली. "अगं, मेलेलं आहे ते. तुलाही दिसतंय. लोक येणार, लिहिणारे येणार. मला काय व्हायचं ते होऊ दे, या वयात मला कोण फासावर देतंय. पण तुझं हसं होईल. दोन्ही काढ. भिंत रिकामी ठेव, म्हणावं प्रत आली नाही."

"आलीय की."

"हट्टी कुठली."

"खालच्या चिठ्ठीत लिहा," ताई संग्रहपालाला म्हणाली, आणि आपला आवाज वर्गातल्यासारखा निघतो आहे हे तिला जाणवले, "रेखाटन, खोदकाम, छपाई, तिन्ही माझं. आणि बाकीच्या सहासष्टांखाली छपाई हिची. नाव पूर्ण लिहा, सासरचं नको, हिचं. त्या वीस जणांना मी स्वतः कळवते. सही हिनं केली, आणि मला पस्तीस वर्षांत ती ओळखता आली नाही, असं."

धाकटीने पिशवीतून गोळी काढली, पाण्याचा पेला भरला आणि दोन्ही ताईसमोर ठेवले. ताईने गोळी घेतली. पेला परत घेताना धाकटीचा तळहात तिच्या बोटांना लागला. तो तिने पूर्वी कधी नीट पाहिला नव्हता. रेषा पुसट झालेला, बाळाच्या टाळूसारखा मऊ तळहात. ती चटकन हात मागे घेऊन बसली, जणू दुसऱ्याच्या खोलीत न विचारता शिरली होती.

सहा वाजता दिवे लागले. भाषणे झाली. ताई चार वाक्यांपलीकडे बोलली नाही. त्यातले तिसरे, राखाडी वाळताना उघडत नाही, हे होते, आणि लोकांना ते विनम्र विनोदासारखे वाटून टाळ्या पडल्या. मग माणसे भिंतींच्या कडेने सरकू लागली. दोघी बहिणी कोपऱ्यातल्या बाकावर बसून बघत होत्या. पाण्यापाशी माणसे थांबत, धुरापाशी थांबत, चिठ्ठीवरचे नवे नाव वाचून एकमेकांना दाखवत, आणि मधल्या भिंतीपाशी आली की पाय न थांबवता मान वळवून पुढच्या चित्राकडे जात. एक तरुण तिथे उगाच रेंगाळला तेव्हा ताईने श्वास रोखला. तो बुटाची नाडी बांधत होता. "त्याला धरू नकोस," धाकटी तोंडातल्या तोंडात म्हणाली. तिनेही मोजायला सुरुवात केली होती, हे तेव्हा ताईला कळले.

साडेआठला दालन बंद झाले. दारावरच्या माणसाच्या मोजणीने त्या दिवशी एकंदर दोनशे चौदा लोक आले. उजव्या कागदासमोर थांबले, ते सात.